एक खंडी पेरा, शंभर खंडी न्या

आंधळगाव, जि. भंडारा
दि. १६ जून १९८१

तीर्थरूप मामाजी यांचे सेवेशी,

आपला जावई शांतवन व आपली लेक सुलोचना यांचा प्रभूमध्ये लवून सलाम. इकडे सर्व खुशाल आहे. मिरग लागला तो कोरडाच लागला, लोक आभाळाकडे पाहून माना मोडून घेत आहेत, पण त्याला इलाज नाही. आपला डोळा कसा आहे? पट्टी सुटली का? मोतीबिंदू काढलेल्या माणसाने खोकू नये, शिंकू नये, खाली वाकू नये आणि हसू तर मुळीच नये, असे आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला बजावून सांगितले आहे (नुसता कंपाउंडर असलो तरी मोठ्या माणसांच्या डोळ्यांची जबाबदारी माझ्यावर आहेच). म्हणून हे पत्र मी शक्य तितक्या गंभीरपणे लिहीत आहे. ज्यांच्याकडे आपण उतरला आहात ते लक्ष्मणराव ते वाचून दाखवतील असे धरून चालतो. लक्ष्मणराव, यापुढे कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचू नये. (आणि मामाजींच्या मिश्या थरथरायला लागल्या तर पत्र तिथेच थांबवून त्यांना घोटभर पाणी द्यावे व महागाईविषयी बोलावे.)

नागपूरच्या गाडीत बसताना आपण मला जे काम सांगितले होते त्याचा हा वृत्तांत. आपण म्हणाला होता, शांतवन, इतकी वर्षे बाजाराच्या दिवशी त्या करंजाखाली दरी-सतरंजी टाकून बसलो, येशूचे दाखले सांगितले, घसा फोडला, पण एकाच्याही डोक्यात एक अक्षर राहिले नाही. आता डोळाही गेला. तेव्हा आंधळगावची सभा बंद झालेली बरी. येत्या बाजाराला तू जा, लोकांना माझा शेवटचा सलाम सांग, आणि पाळकसाहेबांना भंडाऱ्याला तसे कळवून टाक. हे सांगून आपण खिडकीकडे तोंड फिरवले, आणि गाडी सुटल्यावर सुलोचना जी रडायला लागली ती घर येईपर्यंत रडतच होती. मी म्हटले, अग, बाबांचा डोळा बरा होईल. ती म्हणाली, डोळ्यासाठी नाही रडत, बाबांनी एवढं सांगितलं ते सगळं फुकट गेलं असं त्यांना वाटून राहिलं, आणि तसंच वाटत ते एक दिवस मरतील, म्हणून रडून राहिले. मी तिला माझा रुमाल दिला. 

आता नुसते उभे राहून ‘सभा बंद, सलाम’ म्हणायचे आणि दरी गुंडाळून घरी यायचे, हे काही बरे दिसत नव्हते. मयतीलासुद्धा दोन शब्द बोलतात. म्हणून निरोपाचा म्हणून एक दाखला सांगावा असे मी ठरवले. दाखले मी आपल्या तोंडून पुष्कळ ऐकले आहेत (ते सांगत असता माझे डोळे मिटलेले असत ते मनन करण्यासाठी, हे मामाजींना माहीत आहे; तुम्हाला माहीत नसेल तर नसू द्या). त्यातला पेरणाऱ्याचा दाखला मी निवडला. म्हटले शेतकरी मंडळी आहेत, दिवस पेरणीचे आहेत, त्यांच्या धंद्यातली गोष्ट, समजून सांगायलाही नको. मामाजी, ही माझी पहिली चूक. माणसाला त्याच्या धंद्यातली गोष्ट कधीही सांगू नये. मला कोणी मलमपट्टीची गोष्ट सांगायला लागले तर मी तरी कुठे गप्प बसतो?

दुसरी चूक टेकचंद. लग्नाबारशात भोंगा लावणारा, तो टेकचंद. माझा आवाज आपल्यासारखा नाही, दवाखान्यात हळू बोलायची सवय. म्हणून त्याला म्हटले, बाबा, बाजारात तुझा भोंगा लाव आणि जरा आधी सायकलवर फिरून लोकांना कळव. तो म्हणाला, कळवू काय? मी म्हटले, पेरणाऱ्याची गोष्ट आहे, चांगल्या जमिनीत बी पडले आणि शंभरपट पीक आले, एवढे सांग म्हणजे झाले. टेकचंद माणूस कामाचा, पण त्याला दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे बोलायचा कंटाळा. हाट नुकता भरत होता, आणि हा सायकलला भोंगा बांधून मिरच्यांच्या ओळीपासून बैलबाजारापर्यंत ओरडत फिरला: “एक खंडी पेरा, शंभर खंडी न्या! आज दुपारी, करंजाच्या झाडाखाली! उशीर करान तं पस्तावान!” हे मला नंतर कळले. त्या वेळी मी घरी आरशासमोर दाखल्याची तालीम करत होतो.

दुपारी करंजाजवळ आलो आणि मामाजी, काय सांगू! इतकी गर्दी मी त्या झाडाखाली कधी पाहिली नाही. बैलगाड्या सोडलेल्या, माणसे दाटीवाटीने बसलेली, मागे बायका उभ्या, झाडावर पोट्टे. आणि प्रत्येकाच्या काखेत रिकामे बोरे, गोणपाटाचे पोते. बोऱ्यांचे मला थोडे नवल वाटले, पण म्हटले ऊन आहे, बसायला आणली असतील. माझ्या मनात आले, मामाजी उगाच निराश झाले. गाव तर देवाच्या वचनासाठी भुकेले आहे! माझे डोळे भरून आले. मी भोंग्यापुढे उभे राहून मनापासून प्रार्थना केली. प्रार्थना जरा लांबली (आत्म्याने धरले की मला थांबता येत नाही, आणि दुसरे म्हणजे दाखल्याची सुरुवात आठवत नव्हती). तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, “बाप्पा, भाषण पुरे झालं, बियाणं काढा!”

मी समजलो की हा आत्मिक बियाण्याबद्दल बोलतो आहे. मी म्हटले, भाऊ, बियाणे आहे, धीर धरा. सगळ्यांनी बोरी सावरून घेतली. मी म्हटले, पाहा, पेरणारा पेरायला निघाला. पेरताना काही बी वाटेवर पडले, ते पाखरांनी खाल्ले. पुढच्या ओळीतला एक जण म्हणाला, “वाटेवर कायले पाडलं? बोऱ्याले भोक होतं काय?” मी म्हटले, तसे नव्हे, त्याने टाकले. “जाणूनबुजून?” हो. “कोण्या गावचा होता?” आता गावाचे नाव मला काही आठवेना. तो प्रश्न तसाच सोडून मी खडकावर पडलेल्या बियांकडे वळलो, तर दुसरा म्हणाला, पऱ्हे न टाकता डायरेक काहून फेकलं, आवत्या होता काय? (पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी, अर्थात लावणीसाठी, आधी वाढवलेली धानाची रोपे; आवत्या म्हणजे रोपे न लावता बी नुसते फेकून केलेली पेरणी.) तिसरा म्हणाला, पाखरं हाकलाले घरचं कोणी नोहोतं का? मामाजी, आपण इतकी वर्षे या माणसांपुढे कसे टिकलात हे आपणच जाणे. माझ्या डोक्यातल्या सगळ्या गोष्टी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी सांगून बसलो की रात्री वैरी आला आणि त्याने खडकावर मोहरी पेरली, आणि त्या मोहरीचे एवढे मोठे झाड झाले की त्यावर पाखरे घरटी करून राहिली, आणि मग मालकाने ते झाड काट्यांसकट जाळून टाकले. यावर बाया हळहळल्या. पाखरांसाठी. एक म्हातारा उठून म्हणाला की वैऱ्याचे नाव सांगा, आपण पंचायतीत घेऊ.

तरीही मी हिंमत सोडली नाही. म्हटले, मुख्य गोष्ट बी. आणि ते बी कोणते? ते बी म्हणजे वचन! लगेच चौकशी सुरू झाली. वचन हे नवीनच निघाले का? लुचईच्या धानापेक्षा बरे का? हलके की भारी? (हलके म्हणजे लवकर निघणारे धान, भारी म्हणजे उशिरा, हे तुम्हा नागपूरकरांसाठी.) मी म्हटले, वचनासारखे भारी काही नाही. मग ज्यांच्या शेताला पाणी कमी ते नाराज झाले आणि ज्यांचे शेत तळ्याखाली ते बोरे घेऊन पुढे सरकले. एकाने आपले बोरे माझ्या हातात दिले आणि तोंड उघडून धरले, म्हणजे बोऱ्याचे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी टेकचंदकडे पाहिले. टेकचंद जागेवर नव्हता. भोंगा होता, बॅटरी होती, सायकल आणि टेकचंद दोन्ही नव्हते.

मी खरे तेच सांगितले. म्हटले, भाऊ, देण्यासारखे बियाणे माझ्यापाशी नाही, ही गोष्ट आहे. मग जो गलका उठला तो काय वर्णावा. लांबून लांबून आलो, बैल उन्हात उभे केले, अन् गोष्ट? कोणी म्हणाले, सरकारनं पाठवलेलं बी या लोकानं खाल्लं. कोणी भोंग्याची तार उपटली. माझ्या सदऱ्याची बाही कोणीतरी धरली होती, ती कोणाची पकड होती ते मी अजून पाहिलेले नाही, कारण पाहण्याची हिंमत झाली नाही. मला एकच दिसत होते: आपण इतकी वर्षे ज्या झाडाखाली इज्जतीने बसलात, तिथे मी एका दुपारीत आपले नाव धुळीला मिळवले. सभा बंद करायला आलो होतो, पण अशी बंद करायची नव्हती. खरे सांगतो, मला रडू आले.

आणि तेवढ्यात केवळरामजी उठले.

केवळरामजी म्हणजे कोण ते लक्ष्मणरावांसाठी सांगतो. आंधळगावच्या तळ्याखाली त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेते, आहेत, आणि धानाच्या बाबतीत ते कोणाचे ऐकत नाहीत, देवाचेसुद्धा. मामाजींच्या सभेचे ते कायमचे विघ्न. दर बाजाराला सर्वांत पुढे येऊन बसायचे, तंबाखू मळायची, आणि मामाजींनी तोंड उघडले की हरकत घ्यायची. मला वाटले, आता हे घाव घालणार. ते आले, माझ्या बाहीवरचा हात त्यांनी झटकला, आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या बांधीत उलटा नांगर चालवला होता.

“थांबा जी जवाई,” ते म्हणाले. “काहीच्या काही सांगून राहिले तुमी. मोहरीची गोष्ट अलग हाय, वैऱ्याची अलग हाय. तुमचा बुढा अशी नाही सांगत. बसा खाली.”

मी बसलो. लोकही बसले, केवळरामजींपुढे उभे राहायची तिथे पद्धत नाही. आणि मामाजी, त्या माणसाने पेरणाऱ्याचा दाखला सुरुवातीपासून सांगितला. भोंगा बंद होता, त्यांना त्याची गरजही पडली नाही. वाटेवरचे बी पाखरांनी खाल्ले, खडकावरचे वाळले, काट्यांतले गुदमरले, चांगल्या जमिनीतले शंभरपट आले, सगळे आपापल्या जागी. मध्येच आपण जसे खाकरता तसे ते खाकरले, आणि उपरणे जसे उजव्या खांद्यावरून डाव्यावर टाकता तसे त्यांनीही टाकले (नक्कल नव्हे, लक्ष्मणराव, मी नीट पाहिले. त्यांना ते कळलेसुद्धा नाही). मग गोष्टीत ज्या जागी ते दर वेळी आपल्याशी भांडत, तिथे आले.

“आता पहा,” ते म्हणाले, “पेरणाऱ्याले अक्कल नोहोती, हे मी पयलेपासून सांगून राहिलो. पऱ्हे टाकले असते, चिखल केला असता, रोवणी लावली असती, तं एक दाणा वाया नसता गेला. पण बुढा काय म्हणते? बुढा म्हणते, केवळराम, तू आपल्या बांधीपुरता हिसाब करतं, अना थो पेरणारा साऱ्या दुनियेचा मालक हाय. थो मूठ भरते अना फेकते. जमीन पाहून पाहून पेरतो म्हणन, तं तुयासारख्या गोट्यावर कोण पेरन?”

सगळा बाजार हसला. तेही हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “मले हे पटत नाही. आजही पटत नाही. पण सांगाचं असन तं असं सांगा.” आणि आपल्या जागेवर जाऊन तंबाखू मळायला लागले.

त्यानंतर बियाण्याचे कोणी नाव काढले नाही. रिकामी बोरी अंथरून लोक त्यावर बसले आणि गावात कोण कोणती जमीन यावर बोलणे सुरू झाले. टेकचंद म्हणजे वाट, यावर सर्वांचे एकमत झाले (तोपर्यंत तो भोंगा न्यायला परत आला होता, त्याने मान हलवून कबूल केले). काटेरी जमीन कोणती, यावर दोन जावांमध्ये थोडे वाजले. करंजाच्या बुंध्याशी वांगी घेऊन बसणाऱ्या शकुंतलाबाई, ज्या आपल्या सभेत कधी आल्या नाहीत कारण त्या आधीपासूनच तिथे होत्या, त्या म्हणाल्या, “बुढा हरवलेल्या रुपयाची सांगे ते मले लय आवडे. माया सुनेले मी तेच सांगतो, हरवलं तं दिवा लाव, झाडून काढ, बोंबलत नोको बसू.” त्यांच्या सुनेने ती पुढे आपल्या बहिणीला सांगितली आहे, आणि ती बहीण सानगडीला दिली आहे, तेव्हा आपला तो रुपया एव्हाना सानगडीपर्यंत गेलेला आहे.

शेवटी मला माझे काम आठवले. मी उभा राहून म्हटले, मंडळी, मामाजींचा सलाम आहे, त्यांची तब्येत बरी नाही, आणि ही सभा आजपासून बंद. केवळरामजींच्या हातातली तंबाखू खाली सांडली. “कोण म्हणलं बंद?” मी म्हटले, मामाजी म्हणाले. “काहून?” मी म्हटले, त्यांना वाटते की कोणाच्या काही ध्यानात राहिले नाही. त्यांनी सांडलेली तंबाखू पायाने बाजूला सारली. मग म्हणाले, “ध्यानात नाही राहिलं? अरे, ध्यानात नसतं तं इतके साल मी भांडलो कायच्या भरोशावर? घरी जाऊन रातभर बुढ्याचं बोलणं घोकत होतो, का उद्या याले कोठी पकडू! थो बंद करन तं मी कोणासंग भांडू? माया जवाब अजून देणं बाकी हाय.”

मामाजी, घरी येऊन मी हे सुलोचनेला सांगितले. ती चुलीपुढे बसली होती. ऐकता ऐकता हसायला लागली, मग रडली, मग दोन्ही बरोबर, आणि भात लागला. तो करपलेला भात आम्ही दोघांनी इतका आनंदाने खाल्ला की शेजारच्या घरून विचारायला आले. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. आपण मला सलाम पोचवायला पाठवले होते, आणि मी परतताना आपल्या नावाचा सलाम घेऊन आलो. बायबल हाती न घेतलेला एक मनुष्य, जो म्हणतो मला पटत नाही, त्याच्यापाशी आपला दाखला एकही शब्द न सांडता जसाच्या तसा राहिला आहे. ज्याला सगळे पटले, त्या माझ्यासारख्याने त्यात मोहरी पेरली. देवाची करणी, दुसरे काय.

असो. आपण काळजी करू नये, डोळ्याला जपावे, थेंब वेळेवर घालावेत. लक्ष्मणराव, वहिनींना व सर्व लहानथोरांना आमचा सलाम सांगावा. प्रभू आपणांस उदंड आयुष्य देवो.

आपला आज्ञाधारक जावई,
शांतवन

ता.क. – ‘आज्ञाधारक’ लिहिल्यावर आठवले. पाळकसाहेबांना मी कळवले आहे की आंधळगावची सभा चालू राहील. आपल्याला न विचारता कळवले. विचारले असते तर आपण नाही म्हणाला असता, म्हणून विचारले नाही.

दुसरा ता.क. – आता मुद्द्याचे. केवळरामजींनी आजूबाजूच्या गावांतही सांगून ठेवले आहे की पुढे उधळ्या पोराची गोष्ट होणार. त्यांचे म्हणणे, त्या गोष्टीतल्या, घरीच राबत राहिलेल्या मोठ्या भावावर धडधडीत अन्याय झाला आहे आणि ते त्याच्या बाजूने उभे राहणार. मी म्हटले, मग तुम्हीच सांगा ना. तर म्हणाले, “मी सांगीन तं वाद कोण घालन?” या बाजाराला मी खोकल्याचे निमित्त करून वेळ मारून नेईन. त्याच्या पुढच्या बाजाराला आपण पाहिजे. नागपूरच्या डॉक्टरांना विचारून, दोन्ही बाजूंना उशी घेऊन, जमेल तसे यावे. केवळरामजींपुढे माझा टिकाव लागणार नाही. पत्र लिहिले ते याचसाठी.

तिसरा ता.क. – (लक्ष्मणराव, हा कंस असला तरी मोठ्याने वाचा.) सभेच्या दुसऱ्या दिवशी केवळरामजींनी तळ्याकडे जाणाऱ्या पांदणीत, जिथून गाड्या जातात तिथे, मूठभर लुचई फेकली. बुढ्याला दाखवतो, म्हणाले, की वाटेवरचे बी उगवत नाही म्हणजे नाही. पण पाखरे येऊन खातील आणि मग बुढा म्हणेल की पाखरांमुळे गेले, म्हणून तिथे बुजगावणे उभे केले. पाण्यावाचून मेले असे म्हणायला जागा नको, म्हणून रोज सकाळी तळ्यातून घागर भरून आणतात. गाडीवाल्यांना दुसऱ्या रस्त्याने जायला लावतात, त्यावरून रोज भांडण. काल संध्याकाळी सुलोचना तिकडून आली. कोंब निघाले आहेत, हिरवेगार. केवळरामजी त्यांच्याजवळ उकिडवे बसले होते. तिला पाहून उठले आणि म्हणाले की हे तुझ्या बापाला कळता कामा नये. मला तर शपथच घालत होते; आपण ख्रिस्ती लोक शपथ घेत नसतो, म्हणून मी नुसते बरे म्हणालो. तेव्हा आपण हे ऐकलेले नाही असे समजावे, आणि डॉक्टरांनी सोडले की पहिल्या गाडीने यावे.